फुली आणि गोल

२ जून, सोमवार

ही वही काल डेबोरा मॅडमनी दिली. रोज लिही म्हणाल्या. रोज लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. जे घडतं ते दर चार-पाच दिवसांनी, आणि त्याच्यासाठीच तर रोह्याला त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो.

मी सुजय पोपट मोकल, वय एकतीस, राहणार हमरापूर, धंदा गणपतीचे डोळे. म्हणजे असं की बाबांच्या कारखान्यात शाडूची मूर्ती साच्यातून निघते, बायका रंग देतात, दागिन्यांचं सोनेरी माझी बायको समीक्षा करते, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी मी करतो. आमच्याकडे डोळे घरच्या पुरुषानंच आखायचे, हा आजोबांपासूनचा नियम. डोळे नसतील तर तो गणपती नाही, रंगवलेलं ढेकूळ. तेव्हा कारखान्यात माझा मान काय असेल तो समजून घ्या, मॅडम. वही तुम्ही वाचणार नाही म्हणालात, पण माझा विश्वास नाही.

केंद्रात फॉर्म भरला. व्यसनाचे रकाने चार: दारू, तंबाखू, गांजा, इतर. मी 'इतर'. बाकावर शेजारी नागोठण्याचे एक काका बसले होते, त्यांनी आपुलकीनं विचारलं की देशी का इंग्लिश. मी म्हटलं, कागद. ते जरा सरकून बसले.

कागद म्हणजे तिकीट. माझा शाळेतला दोस्त आदेश, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहे, त्यानं दोन वर्षांपूर्वी अलिबागच्या एका पार्टीतून आणलं. नखाएवढा चौकोन, जिभेवर ठेवायचा, मग आठ-दहा तास भिंती श्वास घेतात आणि रंगांना आवाज येतो. पहिल्यांदा सकाळी घेतलं आणि त्या दिवशी चाळीस मूर्तींचे डोळे आखले. दोन दिवसांनी पुण्याचे व्यापारी आले आणि म्हणाले, मोकल, यंदा तुमचा गणपती बोलतोय. बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हापासून मोठी आखणी असली की तिकीट घेतल्याशिवाय मी ब्रश धरत नाही. यात व्यसन कुठे आलं? कुणी चष्मा लावतो, मी तिकीट लावतो.

५ जून, गुरुवार

मग रोह्याला गेलास कशाला, असं वहीनं विचारलं तर उत्तर पाहिजे.

एप्रिलमध्ये समीक्षाला मागे बसवून वडखळहून येत होतो. घेतलं होतं आदल्या दिवशी, उतरलं असेल असा माझा हिशेब. रस्त्यावरचा पांढरा पट्टा उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी सभ्यपणे गाडी थांबवली, त्याला जाऊ दिलं. मागचा ट्रक तेवढा सभ्य नव्हता. त्यानं कट मारला, आम्ही पडलो. मला खरचटलं, तिच्या उजव्या कोपराला नऊ टाके.

ती दवाखान्यात इतकी रडली की मला नवल वाटलं. सारखं एकच विचारत होती, हात पहिल्यासारखा होईल ना. मी समजूत घातली की सोनेरी काय, डाव्या हातानंही होतं. त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी कुठल्याही मूर्तीला आखलेली नाही. टाके निघाल्यावर म्हणाली, गणपतीपर्यंत काहीतरी उपाय करा, नाहीतर मी जोह्याला आईकडे जाते आणि परत येत नाही. समीक्षा धमक्या देत नाही. ती वेळापत्रक सांगते.

त्या अपघाताचा धसका मलाही बसला असणार. तिचा हात गळ्यात होता त्या तीन आठवड्यांत माझे डोळे एकदम बिघडले. बाबांनी तीस मूर्तींचे चेहरे पुन्हा पांढरे करायला लावले. मी म्हटलं, या खेपेचा माल हलका आहे. बाबांना वाटलं मी रंगाबद्दल बोलतोय.

९ जून, सोमवार

उपाय क्रमांक दोन. मालू आत्या मला डोंगराकडच्या एका भगताकडे घेऊन गेली. आत्याच्या मते मला खाडीवरचं काहीतरी लागलंय. भगतानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले, घुमला आणि मला म्हणाला की तुझ्या मागे लाल लुगड्यातली बाई उभी आहे, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी वळून बघितलं. मला काही दिसलं नाही. दोन वर्षांत मला काय काय दिसलंय, पण हा माणूस एक चौकोन न घेता माझ्या पुढे होता. आदरानं नमस्कार केला आणि नारळ घेऊन घरी आलो. त्याची आमटी चांगली झाली.

१५ जून, रविवार

रोह्याचं केंद्र शनिवारी बंद आणि रविवारी चालू असतं, कारण डेबोरा मॅडम शनिवार पाळतात. वय अडुसष्ट. भाऊ-बहिणी, भाचे-पुतणे, सगळा गोतावळा इस्रायलला गेला. तुम्ही का नाही गेलात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं माझ्यावाचून कुनाचं अडत नाय. हितं निदान दारुडे तरी वाट बघतात."

आज गटात बसलो. अकरा जण, सगळे दारूचे. प्रत्येकानं काय गमावलं ते सांगितलं. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं की मला तसं काही गमवावं लागलं नाही, उलट माझं काम सुधारलंय, आणि ते सुटलं तर गणपतीला डोळे राहणार नाहीत, हीच माझी अडचण आहे. नागोठण्याचे काका म्हणाले की तेसुद्धा प्यायल्यावर गाडी फार छान चालवायचे. सगळे हसले. मला ते आवडलं नाही.

मॅडमनी नंतर पर्याय सांगितले. केंद्रात एकवीस दिवस राहायचं, किंवा दर रविवारी येऊन बोलायचं, आणि काहीही केलं तरी आधी पेणच्या मनोविकारतज्ज्ञाला भेटायचं. मी म्हटलं, राहायचं ते गणपतीनंतर बघू. त्या म्हणाल्या की हा शब्द त्या पेणवाल्यांकडून पंचवीस वर्षं ऐकतायत.

२४ जून, मंगळवार

तीन दिवस पोट बिघडलंय. आज कळलं की बाबा माझ्या चहात कसलीशी पूड टाकत होते, 'नकळत व्यसन सोडवा' अशी जाहिरात असलेली. पुडीवर बाटलीवर फुली मारलेलं चित्र. मी त्यांना सांगितलं की हे दारूचं औषध आहे आणि मी दारू पीत नाही. बाबा भाबडेपणानं म्हणाले, "मंग बरंच हाय की. डबल फायदा."

आई जिवंत असती तर तिनं गावभर सांगितलं असतं की माझा मुलगा दारूला शिवत नाही. ते खरंच आहे.

संडासच्या फेऱ्यांमधून वेळ काढून पंचवीस मूर्ती आखल्या, तिकिटावर. चार वाजता हात थांबले तसा माळ्यावर जाऊन पडलो. छताचे वासे तबला वाजवत होते. नेहमीप्रमाणे समीक्षा खाली कारखान्यात आवराआवर करायला थांबली, आठला वर आली. कंबर धरून बसली होती. आवराआवर करताना कंबर जाते, हे मला नवीन.

३ जुलै, गुरुवार

पेणच्या डॉक्टरांना भेटलो. तरुण आहेत, शांतपणे ऐकतात. मला वाटलं होतं की इंजेक्शन देतील, निदान मशिनीत घालतील. ते म्हणाले, याच्यावर अशी ठरलेली गोळी नाही. दारू सोडताना हातपाय थरथरतात तसं तुझं होणार नाही, शरीर फार कुरकुर करणार नाही, पण मन हट्ट करेल. धास्ती वाटली, झोप गेली तर त्याचं औषध मी देईन. बाकीचं काम बोलण्याचं आहे आणि ते वेळ खातं. घेतलं नसतानाही रेषा हलताना दिसतात का, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोड्या. हे मी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता डॉक्टरांना आणि वहीला माहीत आहे. बरं वाटलं, आणि मग भीती वाटली.

गाडी चालवायची नाही म्हणाले. चावी बाबांकडे दिली. बाबांनी ती देव्हाऱ्यात ठेवली, जणू मी तिथे शोधणार नाही.

६ जुलै, रविवार

मॅडमशी भांडलो. त्यांचं म्हणणं, तिकिटानं डोळे चांगले येतात हे तू कधी ताडून बघितलंस? मी म्हटलं, सगळा बाजार ताडतोय. मग त्या म्हणाल्या, "घेऊ नको हे सांगायचं माझं काम, ते सांगितलं. पन घेतलंस, तर त्या दिवशीच्या मूर्तीखाली पेन्सिलनं फुली मार. न घेता आखलीस तर गोल काढ. मंग आपन बघू."

सोपं आहे. शाडूच्या मूर्तीची बैठक खालून कोरीच असते. फुली आणि गोल.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर न घेता आखले. हात जड, मन पळत होतं, आणि प्रत्येक रेषेमागे त्याच रेषेची सावली यायची. एका वेळी आठ-दहाच झाले. आखताना मला स्पष्ट कळत होतं की डोळे मेले आहेत. खाली गोल काढले आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सुंदर. मी स्वतः चकित झालो. असं पूर्वीही व्हायचं, संध्याकाळी आखलेले डोळे सकाळी आणखी चांगले दिसायचे. रंग सुकला की नजर बसते, असा माझा सिद्धांत आहे. मॅडमना सांगितला. त्यांनी विचारलं, तुझी बायको काय काम करते? मी म्हटलं, सोनेरी. आणखी काय? आवराआवर. त्यांनी ते लिहून घेतलं. माझा सिद्धांत लिहून घेतला नाही.

२० जुलै, रविवार

बुधवारी घेतलं. आदेश स्वतः घेऊन आला होता, आणि पुण्याची शंभर मूर्तींची खेप होती. सबबी लिहायच्या नाहीत असं मॅडम म्हणतात, पण मी लिहिल्या.

काल बाबांना सगळ्या मूर्ती एका फळीवर लावायला सांगितल्या, फुल्या आणि गोल मिसळून. बाबा, मालू आत्या आणि मी, तिघांनी ओळखायचा प्रयत्न केला. कुणालाही फरक सांगता आला नाही. सगळे एकाच नजरेनं बघत होते, प्रेमळ आणि जरा दमलेल्या. समीक्षा दारात उभी राहून बघत होती. तिच्या बोटांना काळं लागलं होतं. मी म्हटलं, काय गो, काजळ घालत होतीस की काय. ती म्हणाली, व्हय.

मी मॅडमना विजयानं सांगितलं की तिकीट इतकं अंगात मुरलंय की न घेताही चालतं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, यापुढे आखून झालं की उठायच्या आधी प्रत्येक मूर्तीचा फोटो काढ. मोबाइल आहे ना? मग झालं.

पांढरा रंग यंदा दुप्पट जातोय असं बाबा कुरकुरत होते. मला काय विचारता, पांढरं मी वापरतो ते बुबुळातल्या ठिपक्यापुरतं.

३० जुलै, बुधवार

काल घेतलं, तीस मूर्ती आखल्या, तीस फोटो काढले, माळ्यावर गेलो.

आज सकाळी चहा घेऊन मूर्तींसमोर बसलो आणि मोबाइल उघडला.

मोबाइलमधले गणपती वेगळे होते. एकाचा उजवा डोळा सोंडेकडे बघत होता, डावा नागोठण्याकडे. एकाला बुबुळ दोनदा होतं. एकाच्या पापण्या कानापर्यंत गेल्या होत्या. आणि सगळ्यांचा, तिसांच्या तिसांचा, डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा, दचकल्यासारखा. जुने फोटो काढून बघितले, गेल्या आठवड्यात न घेता आखलेले. ते बरे होते, सरळ होते, पण डावा तिथेही मोठा. तो माझ्या हाताचा दोष आहे, आणि मला दोन वर्षं माहीत नव्हता, कारण सकाळी तो तिथे नसायचा.

फळीवर तीस गणपती शांतपणे माझ्याकडे बघत होते. त्यातल्या एकालाही मी डोळे दिलेले नव्हते.

चहावर साय धरली. मला आधी राग आला, तो खरा लिहितो. माझ्या गणपतींना हात लावला म्हणून. मग अपघात आठवला, ते नऊ टाके, आणि हात पहिल्यासारखा होईल ना म्हणून तिचं रडणं. डाव्या हातानंही होतं, असं मी म्हणालो होतो. त्यानंतर बराच वेळ मी कारखान्याबाहेर गेलो नाही, कारण बाहेर माणसं होती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

समीक्षाशी बोललो. ती मुकुटांवर सोनेरी मारत होती, हात थांबवला नाही. मी फोटो दाखवले. तिनं बघितलेही नाहीत. तिला कशाला दाखवायचे, तिनं ते ओल्या फडक्यानं पुसलेत.

लग्नाआधी जोह्याला तिचे वडील आखणी करायचे, त्यांच्याजवळ बसून शिकली. आमच्याकडे आली तर पुरुषांचा नियम, मग सोनेरी हातात घेतलं. त्या पहिल्या चाळीस मूर्ती, ज्यांना पुण्याचे व्यापारी बोलके म्हणाले, त्याही तिच्याच. मी विचारलं की दोन वर्षं गप्प का राहिलीस.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी ब्रश सोडला असता. तिकीट नाय."

मी म्हटलं, सगळेच पुसतेस? ती म्हणाली की सगळे कशाला, बरे असले तर ठेवते. कधी होते बरे, असं विचारणार होतो, तेवढ्यात मालू आत्या रंगाचा डबा मागायला आली. नंतर विचारायचा धीर झाला नाही.

बाबांना सांगायला गेलो. नियम मोडला म्हणून ते काय करतील याची मला धास्ती होती. बाबा मूर्तीचा हात जोडत होते. वर न बघता म्हणाले, "ब्रश कुनाच्या मनगटातून फिरलाय ते मला कळत नाय व्हय? पन तू सांगशील म्हनून थांबलो होतो." चार वर्षांच्या पोराला सांगतात तसं. मी तिथेच पाटावर बसलो आणि ओली माती मळायला घेतली. कुणाला तरी ती मळायचीच होती.

१० ऑगस्ट, रविवार

केंद्रात दाखल झालो. गणपतीच्या आधी. पेणवाल्यांत पहिलाच, असं मॅडम म्हणाल्या.

बारा दिवसांत तिकीट घेतलं नाही. आदेश दोनदा आला, बाबांनी त्याला माती मळायला बसवलं, तिसऱ्यांदा आला नाही. राहिलेली दीडशे मूर्तींची आखणी समीक्षा करतेय, दिवसाउजेडी, कारखान्याच्या मधोमध पाटावर बसून. मी तिला मूर्ती धरून द्यायचो, फिरवायचो. तिचा कोपर दुखायला लागला की तीस मिनिटं थांबायची. हे मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं, मी माळ्यावर वासे ऐकत असायचो.

निघताना तिनं पिशवीत दोन टॉवेल, डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या आणि सुकट दिली. परत येणार ना, असं मी तिला विचारायला हवं होतं, ते तिनं मला विचारलं. मी म्हटलं, येतो. जोह्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

इथे फॉर्म पुन्हा भरला. धंदा या रकान्यात पेन अडकलं. शेवटी लिहिलं, माती मळणे.

१७ ऑगस्ट, रविवार

मोबाइल जमा आहे, रविवारी दहा मिनिटं मिळतो. समीक्षा म्हणाली, आखणी संपत आली. मी म्हटलं, मला झोप येत नाही आणि भिंतीवरच्या टाइल्स अजून थोड्या सरकतात. ती म्हणाली, सरकू दे, तुम्ही नका सरकू.

मन हट्ट करतं, हे डॉक्टर म्हणाले ते खरं. काल दुपारी दोन तास मला मनापासून वाटत होतं की या सगळ्यांनी मिळून फोटो बनवले आहेत. नागोठण्याच्या काकांना सांगितलं, ते आता इथेच दाखल आहेत. ते म्हणाले, त्यांनाही वाटायचं की पोलिसांचं मशीन बिघडलंय. आम्ही दोघं मिळून भांडी घासली.

२७ ऑगस्ट, बुधवार

केंद्रात दीड दिवसाचा गणपती बसतो. डेबोरा मॅडमना त्यातलं काही नको असतं, पण आणायला त्याच जातात, कारण पेशंटला सोडलं तर तो मधेच कुठे उतरेल याचा भरवसा नाही. यंदा त्या हमरापूरला आमच्याकडे गेल्या. समीक्षानं स्वतः आतून एक निवडून दिला म्हणे, वीतभर उंचीचा, साधा.

आरतीनंतर सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या दिवशीच मी फुशारकी मारून ठेवली होती ना. काका म्हणाले, "काय नजर हाय रं. तुझाच हात?"

मी म्हटलं, नाही. हे डोळे माझ्या बायकोनं आखलेत. दोन वर्षं सगळे तिनंच आखलेत. अकरा माणसांसमोर बोललो. वाटलं होतं जड जाईल, तितकं गेलं नाही.

जवळ जाऊन बघितलं तेव्हा डावा डोळा तिळभर मोठा वाटला. घाईत असणार बिचारी, दीडशे मूर्ती, त्यात दुखरा कोपर. माणसाचा हात आहे, चुकतो. मी मोठ्या मनानं कुणाला काही बोललो नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज विसर्जन. केंद्राच्या मागच्या अंगणात निळा टब भरला होता. मूर्ती मी धरायची असं सगळ्यांनी ठरवलं, घराणं म्हणून. टबाशी वाकलो, पाण्यात सोडायला मूर्ती तिरकी केली, आणि बैठक खालून दिसली.

पेन्सिलचा गोल होता. माझ्याच हातचा, घाईत काढलेला, नीट न जुळलेला. जुलैमधला.

तसाच वाकून राहिलो. तिच्या हातून डावा डोळा कधीच मोठा होत नाही, मी तीस-तीस मूर्ती धरून बघितलंय. मागून काका म्हणाले, सोड रं, लोकांना जेवायचंय. मी मूर्ती सरळ करून एकदा तोंडाकडे बघितलं. तो बघत होता, थोडा दचकल्यासारखा, पण बघत होता. मग सोडला. मॅडमनी टॉवेल दिला.

फोन रविवारीच मिळतो. अजून तीन दिवस आहेत आणि विचारायचं एकच आहे. मोठा झाला होता गो डावा, तरी ठेवलास?